कुलूप चौकात, किल्ली कनवटीला

मागच्या अंकात बंद झालेल्या तारसेवेबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले होते: सरकारी तारांमधले पाच-पाच आकड्यांचे गट मी वर्षानुवर्षं पाठवले, पण त्यातल्या एकाचाही अर्थ मला कधी कळला नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच देते आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी १९७५ साली तार खात्यात लागले, तीस वर्षांहून जास्त नोकरी केली आणि निवृत्तीनंतर नाशिकला घरीच गणिताच्या शिकवण्या घेते. कोणत्या तारा कुणाच्या होत्या हे मला विचारू नका. ते मी सांगणार नाही, आणि बरंचसं मला माहीतही नाही.

बाई, आम्हाला वर्गात शिकवलं की चांगल्या एन्क्रिप्शनची, म्हणजे मजकूर सांकेतिक करण्याची, रीत जगजाहीर असते आणि फक्त किल्ली गुप्त असते. मग सरकारं आणि लष्करं आपली रीतसुद्धा का लपवतात? दोन्ही लपवलं तर सुरक्षा दुप्पट होत नाही का?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नाशिकरोड

तुला आधी भद्रकालीतल्या आमच्या वाड्यात नेते. आम्ही पोरी च ची भाषा बोलायचो. शब्दातलं पहिलं अक्षर काढायचं, तिथे च बसवायचा आणि काढलेलं अक्षर शेवटी लावायचं. ‘पाणी दे’ म्हणजे ‘चाणीप चेद’. आठवडाभर वाड्यातल्या मोठ्यांना काही उमगलं नाही. मग माझ्या धाकट्या भावाने दोन पेरूंच्या बदल्यात रीत सांगून टाकली. त्या दिवशी आमची सगळी गुपितं उघडी पडली, आधीची आणि पुढचीही. बदलायला आमच्या हातात काही उरलंच नाही, कारण रीत हेच आमचं गुपित होतं.

जुन्या पेठांमधून व्यापाऱ्यांची नंदभाषा चालायची, तिचंही तेच. केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना दोन दलाल भाव ठरवून मोकळे व्हायचे. पण एखादं गिऱ्हाईक ते दहा शब्द शिकून आलं की संपलं.

१८८३ साली पॅरिसमधल्या ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या भाषाशिक्षकाने फ्रान्सच्या लष्करी नियतकालिकात लिहिलं, की सांकेतिक यंत्रणा अशी असावी की ती शत्रूच्या हाती पडली तरी आपलं काही बिघडू नये. गुप्त राहायची ती फक्त किल्ली, म्हणजे त्या यंत्रणेत घालायचा आकडा किंवा शब्द, आणि ती हवी तेव्हा बदलता यावी. तुला वर्गात शिकवलं ते हेच. मला नेहमी वाटतं, नोटा छापणाऱ्या आपल्या नाशिकरोडच्या माणसाला हे चटकन पटावं. नोटेवर जलचिन्ह कुठे आहे, सुरक्षा धागा कसा दिसतो, हे रिझर्व्ह बँक स्वतः जाहीर करते. ते लपवलं असतं तर भाजीवालीने खरी नोट ओळखायची कशी? राखायचं ते कागद, शाई आणि ठसे. बंदोबस्त त्यांच्याभोवती असतो.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. तुझा प्रश्न मला तिथूनच कळला.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका लहान गावच्या ऑफिसात होते. चाळीसेक गटांची सरकारी तार आली. एका गटात ६२७४१ होतं, मी ६२४७१ पाठवलं. साध्या तारेत ‘आई आजरी’ असं गेलं तरी वाचणारा ‘आजारी’ समजून घेतो. आकड्यांच्या गटाला समजून घेणारं कुणी नसतं. पलीकडून अख्खी तार पुन्हा मागवली गेली. मी रडवेली होऊन तीच तार, तेच आकडे, पहिल्यापासून पुन्हा पाठवले. आमचे वरिष्ठ मागे उभे होते. ते रागावले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, “चूक सुधारलीस तेवढीच ना? बाकी कागदावर आहे तेच गेलं ना?” मला वाटलं, अचूकपणासाठी विचारतायत. त्या प्रश्नामागे आणखी काय असू शकतं हे मला फार वर्षांनी, एक जुनी हकीकत वाचताना कळलं.

३० ऑगस्ट १९४१. जर्मन सैन्याचा एक ऑपरेटर अथेन्सहून व्हिएन्नाला लॉरेन्झ या सांकेतिक यंत्रावर सुमारे चार हजार अक्षरांचा संदेश पाठवतो. पलीकडून निरोप येतो, नीट मिळाला नाही, पुन्हा पाठव. त्याने यंत्र पुन्हा त्याच किल्लीवर लावलं. नियमाने ते मना होतं. मग सगळा मजकूर पुन्हा हाताने टंकला, पण दमलेल्या माणसाने करावं तसं काही शब्द आखूड केले. माझ्यासारखे तयार आकडे जसेच्या तसे पाठवले असते तर ऐकणाऱ्याला नवीन काही मिळालं नसतं. इथे मात्र किल्ली तीच आणि मजकूर किंचित वेगळा, असे दोन संदेश ब्रिटिशांच्या हाती आले. ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत फोडणाऱ्या केंद्रातल्या जॉन टिल्टमन यांनी दोन्ही एकावर एक ठेवून मूळ मजकूर सोडवला आणि किल्लीच्या अक्षरांची लांबलचक माळ बाजूला काढली. ती माळ बिल टट नावाच्या चोवीस वर्षांच्या मुलापुढे ठेवली. त्याने आणि मग त्याच्या सहकाऱ्यांनी कागदावर ओळी पाडत, आवर्तनं मोजत, त्या यंत्राला बारा चाकं आहेत आणि कोणतं चाक कसं फिरतं इथपर्यंत सगळं शोधलं. यंत्र त्याने पाहिलेलं नव्हतं. ब्रिटिशांना ते प्रत्यक्ष दिसलं युद्ध संपत आल्यावर.

जर्मनांनी यंत्र लपवलं होतंच की. त्याचा उपयोग एका आळसावलेल्या दुपारपुरताही झाला नाही.

मग सरकारं रीत का लपवतात? कारण सरकारला दोन हात असतात. एक हात आपली पत्रं बंद करतो, दुसरा हात इतरांची उघडतो, आणि बहुतेक देशांत हे दोन्ही हात एकाच खात्याचे असतात. आपली उत्तम रीत उघड केली तर ती शत्रूच्याही कामी येते. शिवाय रीत पाहून जाणकाराला कळतं, की हिच्या कर्त्याला कोणता हल्ला, म्हणजे रीत फोडायची कोणती युक्ती, माहीत होता.

डीईएसचं उदाहरण बघ. १९७७ साली अमेरिकेचं सरकारी मानक झालेली ही रीत आयबीएमने बनवली आणि एनएसए या हेरखात्याने तपासली. तिच्यातले आकड्यांचे तक्ते बदलले होते आणि ते का बदलले हे कुणी सांगेना. लोकांना संशय आला की यात चोरवाट आहे. पुढे १९९०च्या सुमारास एली बिहॅम आणि आदी शामीर यांनी एक नवा हल्ला प्रसिद्ध केला, तेव्हा दिसलं की ते तक्ते नेमके त्याच हल्ल्याला दाद देत नाहीत. १९९४ साली आयबीएमचे डॉन कॉपरस्मिथ यांनी लिहिलं की हा हल्ला आम्हाला १९७४ मध्येच माहीत होता, एनएसएच्या सांगण्यावरून गप्प राहिलो. म्हणजे रीत भक्कम केली होती. पण किल्ली? आयबीएमच्या आधीच्या ल्युसिफर रीतीत ती १२८ बिटांची (बिट म्हणजे एक ० किंवा १) होती, डीईएसमध्ये ५६ बिटांची झाली. १९९८ साली एका नागरी हक्क संस्थेने अडीच लाख डॉलरच्या आत यंत्र बांधून ती ५६ तासांत शोधून दाखवली. भिंत जाड केली आणि दार कच्चं ठेवलं, दोन्ही एकाच खात्याने. या एका रीतीत हेरगिरीचे दोन्ही हात मला शेजारी-शेजारी दिसतात.

नंतरची क्लिपर चिप तर उघडच त्या दुसऱ्या हातासाठी होती. फोनवरचं बोलणं सांकेतिक करायला १९९३ साली अमेरिकी सरकारने ती पुढे केली. आतली स्किपजॅक ही रीत गुप्त, चिप फोडून पाहू गेलं तरी हाती लागू नये अशी घडवलेली, आणि प्रत्येक चिपच्या किल्लीची प्रत सरकारजमा. दुसऱ्याच वर्षी मॅट ब्लेझ या संशोधकाने दाखवून दिलं, की सरकारला वाट देणारा जो तुकडा संदेशासोबत जातो तो खोटा भरता येतो, कारण त्याची पडताळणी अवघ्या १६ बिटांची आहे. बंद दाराआड मोजक्या लोकांनी केलेल्या कामात असं राहून जातं. १९९८ मध्ये स्किपजॅक खुली केली आणि वर्षभराच्या आत तिच्या मजकूर घुसळण्याच्या ३२ फेऱ्यांपैकी ३१ फेऱ्यांपर्यंतचा हल्ला प्रसिद्ध झाला. पूर्ण रीत तुटली नाही, हेही सांगायला हवं. हेरखात्याची माणसं गणितात कच्ची नव्हती.

म्हणून तुझ्या ‘दुप्पट’ला माझं उत्तर असं: ज्या खात्याकडे आतल्या आत रीत तपासणारी शेकडो तयार माणसं आहेत, त्याने ती लपवली तर थोडा फायदा होतो. ज्याच्याकडे पाच माणसं आहेत त्याने लपवली तर तो स्वतःच्याच चुका लपवतो. पुढे अमेरिकेलाही उघड्यावर यावं लागलं. डीईएसच्या जागी नवी रीत हवी म्हणून १९९७ मध्ये जगभरातून रीती मागवल्या. त्यातल्या पंधरा स्वीकारल्या, सगळ्यांसमोर त्या फोडायचे प्रयत्न झाले आणि २००० साली योआन दामेन व विन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन तरुणांची रीत निवडली गेली. तीच एईएस. २००३ पासून अमेरिकी सरकार आपली अतिगुप्त माहितीसुद्धा त्या उघड्या रीतीने झाकायला परवानगी देतं. अट एवढीच, किल्ली मोठी हवी आणि उपकरण तपासलेलं हवं.

माझे यजमान लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशविभागात, होते. दोन वर्षांपूर्वी गेले. नोकरीबद्दल ते घरात अक्षर बोलत नसत. फक्त शेवटच्या आजारात एकदा म्हणाले, “दोघं असल्याशिवाय कपाट उघडायचं नाही, जुने कागद दोघांनी मिळून जाळायचे, राखसुद्धा कालवायची. एवढी वर्षं दिली, पण विश्वास नाही ठेवला.” ते मनात सलतं. खरंच विश्वास नव्हता का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमच्या यजमानांच्या खोलीत काय चालायचं हे मला ठाऊक नाही आणि ठाऊक असू नये हेच बरोबर. पण असे नियम जगभर कुठून आले ते सांगू शकते.

आपल्या उशाशी रामशेज किल्ला आहे. १६८२ मध्ये मोगलांनी वेढा घातला तो पाच वर्षांहून जास्त चालला. सरदार बदलले, दमदमे बांधले, किल्ला पडला नाही. शेवटी गेला तो किल्लेदार फोडून. तट तोच होता.

सांकेतिक यंत्रांच्या जगातला असा किल्लेदार म्हणजे अमेरिकी नौदलातला जॉन वॉकर. १९६७ साली तो वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीत स्वतःच्या पायाने चालत गेला, सोबत किल्ल्यांच्या यादीची प्रत घेऊन. तो सांकेतिक संदेशांच्याच खात्यात होता, किल्ल्यांचे तक्ते त्याच्याच ताब्यात असत. काही महिन्यांनी, जानेवारी १९६८ मध्ये, उत्तर कोरियाने प्युब्लो हे अमेरिकी जहाज पकडलं आणि त्यावरची सांकेतिक यंत्रं त्यांच्या, आणि त्यांच्यामार्फत सोव्हिएतांच्या, हाती गेली. आता बघा, केर्कहॉफ्सच्या हिशेबाने यंत्र गेल्याने काही बिघडायला नको होतं. किल्ली रोज बदलत होती. अमेरिकनांनीही असाच हिशेब केला. पण किल्ल्या रोज बदलत होत्या आणि वॉकर त्या सोव्हिएतांना विकत होता. पुढे त्याने मित्राला गोवलं, सख्ख्या भावाला गोवलं, नौदलात असलेल्या स्वतःच्या मुलालाही गोवलं. १९८५ मध्ये घटस्फोटित बायकोने कळवलं म्हणून तो सापडला. सतरा वर्षांहून जास्त काळ उलटला होता, आणि तेवढ्या काळात एकाही गणितज्ञाला त्या यंत्राचं गणित फोडावं लागलं नाही.

यानंतर यंत्रं बदलली ती या माणसाला समोर ठेवून. त्याआधी किल्ल्या छापील तक्त्यांवर किंवा भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर यायच्या. जे कागदावर आहे त्याची प्रत निघते. म्हणून किल्ली स्वतःच सांकेतिक रूपात, तारेवरून किंवा लहरींवरून, थेट यंत्रात जाऊ लागली. मधल्या माणसाच्या डोळ्यांसमोर ती येणारच नाही अशी सोय झाली. १९८७ पासून अमेरिकी अधिकाऱ्यांच्या टेबलावर आलेल्या सुरक्षित टेलिफोनला प्लास्टिकची एक छोटी चावी असे. ती काढून घेतली की तो साधा फोन, आणि फोनविना ती चावी निव्वळ प्लास्टिक. एकट्या चोराला अर्धंच मिळावं हा त्यामागचा हेतू.

दोघांनी मिळून कपाट उघडण्याचा नियम याच जातीचा. कौटिल्याने अर्थशास्त्रात हेरांच्या ठाण्यांमध्ये बातमी सांकेतिक लिपीतून न्यावी असं सांगितलं, आणि लगेच पुढे म्हटलं की ठाण्यांनी एकमेकांना ओळखता कामा नये. त्याचा आपल्या हेरांवर राग होता असं नाही. पकडलेल्या माणसाकडून काढून घेण्यासारखं काही नसेल, तर बाकीचे वाचतात.

ताई, माझं प्रामाणिक मत सांगते. ज्या कपाटाला एकटा माणूस हात लावू शकत नाही, त्या कपाटासाठी कुणी त्या एकट्याला लाच देत नाही, त्याच्या कर्जाचा फायदा घेत नाही, शाळेतून येणाऱ्या त्याच्या मुलांकडे बोट दाखवून धमकावत नाही. तुमच्या यजमानांना तो नियम अविश्वास वाटला, कारण ते सरळ माणूस होते. सरळ माणसालाच असा नियम बोचतो. पण त्या नियमाने तुमचंही घर राखलं असेल.

आणि त्यांचं गप्प राहणं. त्याबद्दल मला जेम्स एलिस आठवतात. ब्रिटनच्या हेरखात्यात, चेल्टनहॅमला, १९७० साली त्यांनी एक विलक्षण कल्पना मांडली: आधी भेटून किल्लीची देवघेव न करताही दोन माणसं गुप्तपणे बोलू शकतात. १९७३ मध्ये त्यांचे तरुण सहकारी क्लिफर्ड कॉक्स यांनी त्याचं गणित बसवलं. सगळं फायलीत बंद. १९७६ मध्ये अमेरिकेत डिफी आणि हेलमन यांनी तीच कल्पना स्वतंत्रपणे शोधून छापली, पुढच्या वर्षी आरएसए ही रीत आली, जगभर त्यांची नावं झाली. आज आपण मोबाइलवरून पैसे पाठवतो त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे. एलिस गप्प राहिले. नोव्हेंबर १९९७ मध्ये ते वारले आणि डिसेंबरमध्ये खात्याने पहिल्यांदा जाहीर केलं की हे काम त्यांचं. थोडक्यासाठी राहून गेलं. मला हे आजही टोचतं, कारण तोवर लपवण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. जग वीस वर्षं तेच वापरत होतं. किल्ली लपवायची ती तिचं काम होईपर्यंत. माणसाचं श्रेय मरेपर्यंत दाबून ठेवण्याला सुरक्षा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तुमच्या यजमानांच्या नावाचं असं काही कधी जाहीर होणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही मला लिहिलंत, बरं केलंत.

आमचा सातपूरला सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. ग्राहकांची ड्रॉइंग्ज जपायची असतात. एक विक्रेता ‘मिलिटरी ग्रेड, आमची स्वतःची गुप्त पद्धत, परदेशी’ असं सांगून महागडी यंत्रणा गळ्यात मारतो आहे. घ्यावी का? आणि एन्क्रिप्शनबद्दल कायदा काय सांगतो?
— एक उद्योजक, सातपूर

‘आमची स्वतःची गुप्त पद्धत’ हे शब्द ऐकलेत तिथेच चहा संपवून उठा.

स्वित्झर्लंडमध्ये क्रिप्टो एजी नावाची कंपनी होती. तटस्थ देश, नावाजलेली यंत्रं. शंभराहून जास्त देशांच्या सरकारांनी ती घेतली, त्यात भारतही होता आणि पाकिस्तानही. फेब्रुवारी २०२० मध्ये पत्रकारांनी उघड केलं की १९७० पासून ही कंपनी गुपचूप अमेरिकेच्या सीआयएच्या आणि जर्मनीच्या हेरखात्याच्या मालकीची होती. मित्रांना विकायची यंत्रं पक्की, बाकीच्यांना विकायची यंत्रं अशी की मालकांना सहज वाचता यावीत. बाहेरून पेटी सारखीच. घेणारा आतली रीत तपासू शकत नव्हता, तिथेच त्याची फसगत झाली. त्या कंपनीचा हान्स ब्यूलर नावाचा विक्रेता १९९२ साली तेहरानमध्ये हेर म्हणून पकडला गेला, नऊ महिने कोठडीत राहिला. आपण काय विकतोय हे त्याला खरंच माहीत नव्हतं. सुटून आल्यावर कंपनीने त्यालाच काढून टाकलं. तुमच्यासमोर बसलेला विक्रेताही मनापासून बोलत असेल, हे लक्षात ठेवा.

रीत उघडी आहे एवढ्यानेही भागत नाही, हेही सांगते. ड्युअल ईसी नावाची, किल्लीसाठी कुणाला आधी ओळखता येऊ नयेत असे आकडे काढून देणारी एक रीत २००६ साली अमेरिकी मानकात आली, छापील, सगळ्यांसमोर. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या दोघांनी दाखवलं की त्यात चोरवाट असू शकते. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन या एनएसएसाठी काम केलेल्या माणसाने तिथले कागद बाहेर काढल्यावर संशय बळावला आणि २०१४ मध्ये ती मागे घेतली गेली. सात वर्षं लागली. पण उघडी होती म्हणून कुणाच्या तरी नजरेस पडली.

तुम्ही विक्रेत्याला एवढंच विचारा: रीत कोणती? एईएस म्हणाला तर ठीक, ‘मिलिटरी ग्रेड’चा अर्थ बहुतेक वेळा तोच असतो आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. किल्ली कोण तयार करतं, ती कुठे राहते, आणि तुमचा माणूस नोकरी सोडून गेला तर ती त्याच दिवशी बदलता येते का? माझा अनुभव सांगतो की ड्रॉइंग्ज फुटतात ती पेन ड्राइव्हवरून आणि दुखावलेल्या माणसाकडून.

कायद्याचंही विचारलं आहे तुम्ही पत्राच्या शेवटी. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आणला होता, त्यात सांकेतिक न केलेला साधा मजकूर ९० दिवस जपून ठेवण्याची अट होती. इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच तो मागे घेतला. दुसऱ्या हाताची ओढ सगळ्याच सरकारांना असते. तुम्ही तुमच्या सीएला आणि वकिलाला विचारून चाला.

कधीच फुटणार नाही अशी गुप्तलिपी असते का? मला आणि माझ्या मित्राला हवी आहे.
— इयत्ता सातवी, पंचवटी

असते बाळा, आणि तुला ती आजच करता येईल. दोन सारख्या वह्या घे. फासा वापरू नकोस, त्यात सहाच आकडे असतात. ० ते ९ आकड्यांच्या दहा चिठ्ठ्या डब्यात टाक, एक काढ, आकडा लिही, चिठ्ठी परत टाकून डबा हलव, पुन्हा काढ. असं पान भरू दे. तेच पान दुसऱ्या वहीत उतरव. एक वही तुझी, एक मित्राची.

समजा तुला ३१७ कळवायचं आहे आणि वहीत पुढचे आकडे ८४६ आहेत. बेरीज कर, पण हातचा धरू नकोस: ३ आणि ८ अकरा, लिही १. १ आणि ४ पाच. ७ आणि ६ तेरा, लिही ३. पाठव १५३. मित्र उलट वजाबाकी करेल, कमी पडले तिथे दहा उसने घेईल, आणि त्याला ३१७ मिळेल. मधे कुणी वाचलं तर त्याला काहीही कळणार नाही, जगातला सगळ्यात मोठा संगणक असला तरी. कारण त्या १५३ मागे कोणताही आकडा असू शकतो.

फक्त वापरलेलं पान फाडून टाकायचं. पुन्हा कधीच नाही. रशियाने हीच युक्ती वापरली होती, पण दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत छपाई पुरेना म्हणून काही पानांच्या जास्तीच्या प्रती छापून वेगवेगळ्या वह्यांत घातल्या. अमेरिकेत जीन ग्रेबील नावाच्या बाई होत्या, आधी शाळेत शिकवायच्या. १ फेब्रुवारी १९४३ ला त्या या संदेशांच्या ढिगाऱ्यासमोर बसल्या. तिथून सुरू झालेलं काम १९८० पर्यंत चाललं आणि दोनदा वापरलेली पानं जुळवून जुळवून सुमारे तीन हजार संदेशांचा काही ना काही भाग वाचला गेला.

मलाही आकड्यांत पत्र लिहिलंस तर फार आवडेल. पण त्याआधी तिसरी वही करून ती मला स्वतः आणून दे. पोस्टाने पाठवू नकोस.